दाहक द्रव्ये व स्फोटके : दौलताबादच्या इतिहासातील

जळून दीर्घकाळ उष्णता, ज्वाला वा धूर देणाऱ्या युद्धोपयोगी पदार्थांना दाहक द्रव्ये म्हणतात. क्षणार्धात वायुरूप होऊन भोवतालच्या वस्तूंवर प्रचंड दाब टाकणारे पदार्थ म्हणजे स्फोटके होत. दोन्हींत रासायनिक क्रिया बहुधा ज्वलनाचीच असते आणि दोन्हींतून आगच दिसते. म्हणून बखरींत व लोकभाषेत त्यांची नेहमी गल्लत झालेली आढळते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या वायव्येस सु. १५ किमी. अंतरावरील दौलताबादच्या किल्ल्यात मात्र हा भेद दगडात कोरून ठेवल्यासारखा स्पष्ट आहे. किल्ल्याच्या आतल्या भागात केवळ आगीवर विसंबलेली संरक्षणयोजना आहे, तर बाहेरचा कोट १६३३ मध्ये दारूच्या स्फोटाने फुटला.

देवगिरीचा डोंगर चहूबाजूंनी तासून उभा केलेला असून त्याच्या पायथ्याशी खोल खंदक आहे. खंदक ओलांडल्यावर बालेकिल्ल्याकडे जाण्याचा मार्ग खडकात खोदलेल्या, वळणावळणाच्या, पूर्णपणे काळोख्या भुयारातून जातो. यालाच ‘अंधारी’ म्हणतात. भुयाराचे वरचे तोंड लोखंडी झाकणाने बंद करण्याची सोय होती. शत्रू आत शिरल्यास या झाकणावर मोठा जाळ करावयाचा, म्हणजे लोखंड तापून वाट बंद होई आणि कोंडलेल्या धुराने आतील माणसे गुदमरत. जाळाला वारा मिळावा म्हणून खडकाला एक झरोका पाडलेला आहे. ही एक प्रचंड शेगडीच होय. तिला लाकूडफाट्याखेरीज काही लागत नाही. मात्र तिचा मारा माणसांवर आहे, खडकावर नाही; आणि जाळ चांगला पेटून भुयार भरेपर्यंत वेळ मिळाला, तरच ती उपयोगी पडते.

त्या झरोक्यातच दाहक द्रव्यांचे मर्म आहे. लाकूड, तेल, राळ, किंवा अरब सैन्यांत वापरला जाणारा नफ्त हे पदार्थ हवेतील ऑक्सिजन घेऊन जळतात. हवा जेवढी पोहोचेल तेवढेच ज्वलन होते, व ते पृष्ठभागावरच होते. बायझंटिनांनी सातव्या शतकात अरब आरमाराविरुद्ध वापरलेला प्रसिद्ध ‘ग्रीक अग्नी’ही याच जातीचा होता. त्याने जहाजे जळाली, पण तट पडले नाहीत.

बंदुकीच्या दारूची गोष्ट निराळी आहे. कोळसा व गंधक ही तिच्यातील इंधने आणि तिसरा घटक सोरा (पोटॅशियम नायट्रेट) हा ऑक्सिजनचा साठा होय. इंधन व ऑक्सिजन कणाकणाने एकत्र मिसळलेले असल्याने तिला बाहेरच्या हवेची गरज उरत नाही. बंद कोठडीतही ती जळते, किंबहुना तेथेच अधिक वेगाने जळते. चीनमध्ये १०४४ साली संकलित झालेल्या ‘वूजिंग झोंग्याव’ या युद्धशास्त्रीय ग्रंथात अशा मिश्रणांच्या कृती आहेत. मात्र त्यांत सोऱ्याचे प्रमाण कमी असल्याने ती मिश्रणे भडकून जळत, त्यांचा जोरदार स्फोट होत नसे. पुढे सोऱ्याचे प्रमाण वाढत गेले आणि आग लावणारे मिश्रण हळूहळू फोडणारे झाले. इतिहासात या दोहोंमधली सीमारेषा एका रात्रीत ओलांडली गेलेली नाही.

स्फोटकात उष्णता अधिक साठलेली असते, हा समज सार्वत्रिक असला तरी चुकीचा आहे. एक किग्रॅ. सुक्या लाकडाच्या ज्वलनातून सु. ४,००० किलोकॅलरी, तर रॉकेलमधून १०,००० हून अधिक किलोकॅलरी उष्णता मिळते. तेवढ्याच वजनाच्या टीएनटीच्या स्फोटातून मिळते ती जेमतेम १,००० किलोकॅलरी, आणि काळ्या दारूतून त्याहूनही कमी. भेद उष्णतेच्या राशीचा नसून वेगाचा आहे. चुलीतील लाकूड तासभर जळते. कोंडलेली दारू निमिषात जळून तप्त वायू निर्माण करते आणि त्या वायूंना जागा न मिळाल्याने भोवतालचे दगड उचलले जातात.

दख्खनमध्ये तटाखाली दारू ठासण्याचे तंत्र पंधराव्या शतकात आले. महमूद गावानने बेळगावच्या वेढ्यात (१४७२–७३) सुरुंग वापरल्याचे फिरिश्ताने नमूद केले आहे. सुरुंग म्हणजे मूळ अर्थाने भुयारच. त्यात दारू भरू लागल्यावर तोच शब्द स्फोटालाही रूढ झाला. अहमदनगरच्या वेढ्यात (१५९५–९६) चांदबिबीच्या लोकांनी मोगलांचे काही सुरुंग आतून हुडकून निकामी केले, तरी एक उडालाच व तटाला मोठे खिंडार पडले. ते तिने रातोरात बुजवून घेतले.

दौलताबादचा वेढा १६३३ च्या वसंतात सुरू झाला. मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान निजामशाहीचा कारभार पाहत होता, तर मोगल सैन्य महाबतखानाच्या हाताखाली होते. बालेकिल्ल्याबाहेर एकाबाहेर एक असे तट होते. त्यांपैकी सर्वांत बाहेरचा अंबरकोट मलिक अंबरच्या नावाने ओळखला जाई. त्याच्या आत महाकोट व त्याहून आत काळाकोट. महाबतखानाचा मुलगा खानजमान याच्या देखरेखीखाली अंबरकोटाखाली सुरुंग खणण्यात आला. शाहजहानच्या दरबारी इतिहासानुसार त्यात ७० मण दारू भरली होती. ती उडताच तटाचा २८ गज व बुरुजाचा १२ गज भाग कोसळला. खिंडाराशी बचाव करणाऱ्यांनी बाण व बंदुकांचा मारा चालविला. बाण म्हणजे दारूने उडणारे अग्निबाण. एकीकडे कोंडलेली दारू तट उडवीत होती आणि दुसरीकडे तीच दारू नळीच्या एका तोंडाने जळत बाणाला पुढे ढकलीत होती. पदार्थ एकच असूनही कार्य निराळे झाले, याला कारण तिला कोंडण्याची रीत हे होय. अखेर नसिरीखानाच्या तुकडीने आत मुसंडी मारली व अंबरकोट पडला.

बाहेरून विजापूरची फौज व शहाजी राजे वेढा मोडण्याचा प्रयत्न करीत होते. पण रसद आत पोहोचू शकली नाही. त्यापूर्वीच्या दुष्काळाने (१६३०–३२) मुलूख आधीच उजाड झाला होता आणि किल्ल्यात उपासमार व रोगराई माजली. पुढे महाकोटाखालीही सुरुंग उडविण्यात आला. जून १६३३ मध्ये फत्तेखानाने किल्ला स्वाधीन केला. बाल निजामशहा हुसेन याची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. अंधारीतील शेगडीपर्यंत लढाई पोहोचलीच नाही. किल्ल्याच्या अजिंक्यतेच्या वर्णनांत अंधारीलाच सर्व मान मिळतो. परंतु जिने शत्रूला आत येऊ दिल्यावरच काम करावयाचे, ती योजना बाहेरचे तट व धान्याची कोठारे गेल्यावर निरुपयोगी होती, हे ध्यानात घ्यावयास हवे.

स्फोट आपला व परका असा भेद करीत नाही. साताऱ्याच्या वेढ्यात एप्रिल १७०० मध्ये औरंगजेबाच्या सैन्याने उडविलेल्या दुसऱ्या सुरुंगाने तट बाहेरच्या अंगास कोसळला आणि हल्ल्यासाठी खाली दाटीने उभे असलेले मोगल सैनिकच मोठ्या संख्येने गाडले गेले.

आधुनिक रसायनशास्त्राच्या काटेकोर परिभाषेत काळी दारू ही मंद स्फोटकांत मोडते. तिच्यात ज्वाला एका कणावरून दुसऱ्या कणाकडे पसरत जाते आणि तिच्या निम्म्याहून अधिक वस्तुमानाचे घन अवशेष उरतात. तोफेच्या तोंडचा दाट पांढरा धूर तो हाच. अंबरकोटावरील माणसांना या वर्गीकरणाने काहीच फरक पडला नसता. खऱ्या अर्थाने तीव्र स्फोटके एकोणिसाव्या शतकात आली : सोब्रेरोने नायट्रोग्लिसरीन तयार केले (१८४६–४७) आणि नोबेलने डायनामाइटचे एकस्व घेतले (१८६७). यांत इंधन व ऑक्सिजन एकाच रेणूत बद्ध असतात. विघटन ज्वालेने न पसरता सेकंदाला हजारो मीटर वेगाच्या दाबतरंगाने पसरते. या क्रियेस प्रस्फोटन म्हणतात. टीएनटीत हा वेग सेकंदाला सु. ६,९०० मी. असतो. अशा द्रव्यांना कोंडण्याचीही आवश्यकता उरत नाही.

दाहक व स्फोटक द्रव्ये एकत्र आल्यास काय घडते, हे महाराष्ट्राने १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत पाहिले. ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर सु. १,४०० टन स्फोटके व दारूगोळा आणि त्याच्या जोडीला कापसाच्या हजारो गाठी होत्या. एका तळघरात तर खाली कापूस व वर स्फोटके अशी मांडणी होती. दुपारी कापसाने पेट घेतला. कापूस धुमसत जळतो, पाणी त्याच्या गाठीत सहज शिरत नाही. अग्निशामक दलाचे जवान दोन तासांहून अधिक काळ झटत होते आणि जहाज मात्र गोदीतच राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला व सु. अर्ध्या तासाने दुसरा. आगीने स्फोट घडविला आणि स्फोटाने जळत्या गाठी शहरभर फेकून पुन्हा आगी लावल्या. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली; त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जण होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.