नारू, मणका आणि पायऱ्यांची विहीर

नस दबली म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सरकलेली मणक्याची गादी, मोडलेलं हाड, फार तर मणक्याचा टीबी. आज आपण एक वेगळं कारण पाहू. ते पिण्याच्या पाण्यातून यायचं. त्याचं नाव नारू.

बीडकडच्या जुन्या माणसांना नारू समजावून सांगावा लागत नाही. आपला भाग पर्जन्यछायेचा, पाणी खोल. म्हणून पायऱ्यांच्या विहिरी आणि बारवा. घागर भरायला माणूस पाण्यात उतरायचा. पायावर नारूचा फोड असला की पाणी लागताच तो फुटायचा आणि मादी असंख्य अळ्या पाण्यात सोडायची. त्या अळ्या सायक्लॉप्स नावाचा बारीक जलजीव गिळायचा आणि त्याच्यासकट ते पाणी आपण प्यायचो. साधारण वर्षभराने दोन-तीन फुटांचा जंत पायातून डोकावायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा. तुटला, तर पू व्हायचा. कधी गुडघा, घोटा कायमचा आखडायचा.

पण प्रत्येक नारू पायापर्यंत पोचत नसे. क्वचित एखादा पाठीच्या कण्यात शिरायचा, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर त्याच्याभोवती पू साचायचा. त्याचा दाब पडला की धडधाकट माणसाचे पाय लुळे पडायचे. असे मोजके रुग्ण भारतात आणि आफ्रिकेत नोंदले गेले. अशा वेळी टीबीची शंका येणं साहजिकच. खरा उलगडा व्हायचा तो शस्त्रक्रियेत, पुवाबरोबर जंत निघाल्यावर.

आता मुद्दा असा. सर्जन एका माणसाच्या मज्जारज्जूवरचा दाब काढू शकत होता, पण गावाची विहीर तशीच होती. नारूवर लस नाही, जंत मारणारं औषधही नाही. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. १९८४ मध्ये देशात सुमारे ४०,००० रुग्ण होते, सात राज्यांत. महाराष्ट्र त्यातलाच एक. उपाय साधे होते: पाणी फडक्याने गाळा, विहिरीत टेमेफॉस टाका, पायऱ्या बंद करा, हातपंप बसवा. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला.

आज आपण बारवांमधला गाळ काढतो, दिवे लावतो. जरूर लावावेत. पण त्या पायऱ्या उतरताना हेही आठवावं, की त्याच पायऱ्यांनी कित्येकांचे पाय अधू केले होते, आणि ते वाचवण्यात फडक्याचा वाटा सुरीपेक्षा मोठा होता.