न जाणवणारी ऊब

१२ मार्च १९०७ रोजी फ्रान्समधील तुलाँ बंदराच्या कोरड्या गोदीत उभी असलेली 'इएना' ही युद्धनौका आपल्याच दारूकोठाराच्या स्फोटाने उद्ध्वस्त झाली आणि १०० हून अधिक माणसे दगावली. २५ सप्टेंबर १९११ रोजी त्याच बंदरात 'लिबर्ते' नौकेचीही तीच गत झाली. शत्रू कोठेच नव्हता. संशय गेला तो तोफांच्या दारूवर.

ही धूरविरहित दारू पॉल व्हिएय याने १८८४ साली सिद्ध केली होती. तिचे मूळ कापूस. कापसातील सेल्युलोज हे बहुवारिक, म्हणजे एकाच प्रकारच्या असंख्य कड्यांची साखळी. नायट्रिक अम्लाने या कड्यांना जे गट चिकटवले जातात, ते वर्षानुवर्षे हळूहळू सुटत राहतात. सुटलेले वायू उरलेली साखळी कुरतडतात आणि उष्णता निर्माण होते. ओल्या गवताच्या गंजीत हात घातला तर ऊब लागते. ती कोंडली तर गंजी आपोआप पेटते. येथेही तसेच घडते.

पुढे दारूत डायफिनिलअमाइन मिसळू लागले. ते हे वायू शोषून घेते, पण स्वतःही खर्च होत जाते. मग आयुष्य किती उरले, हे कळावे कसे? जुन्या परीक्षेत नमुना ११० अंशांपर्यंत तापवून लिटमस कागद केव्हा तांबडा होतो, ते पाहत. परंतु म्हाताऱ्याची चाल पाहण्यासाठी त्याला पळवावे, तसा हा प्रकार! अति उष्णतेत क्रियेची वाटच बदलू शकते.

तुलाँच्याच किनाऱ्यावरील मार्सेय येथे आल्बेर तिआँ याने १९२० नंतरच्या दशकात सूक्ष्म उष्णतामापक रचला. एदुआर काल्वे याने १९४८ च्या सुमारास त्याला जुळे रूप दिले. धातूच्या जड ठोकळ्यात दोन सारख्या कुप्या असतात. एकीत नमुना, दुसरीत निष्क्रिय पदार्थ. भोवतालच्या अनेक तापयुग्मांतून उष्णतेच्या प्रवाहाचे विजेत रूपांतर होते. बाहेरच्या तपमानातील चढउतार दोहोंना सारखेच लागत असल्याने वजाबाकीत नाहीसे होतात. उरते ती नमुन्याची स्वतःची ऊब.

आज नाटो राष्ट्रांच्या एका प्रमाणानुसार अशी दारू ८० अंशांवर १०.६ दिवस ठेवतात. दर ग्रॅममागे उष्णतेचा प्रवाह ११४ मायक्रोवॅटच्या, म्हणजे वॅटच्या ११४ दशलक्षांशांच्या, आत राहिला, तर २५ अंशांवर १० वर्षे तिचा भरवसा धरतात. हेही अनुमानच, म्हणून ते कमी तपमानावर पडताळून पाहणे इष्ट.

तुलाँच्या कोठारांतही ही ऊब स्फोटाआधी कितीतरी काळ निघतच असणार. माणसाच्या हाताला ती कळली नाही, इतकेच.