आजोळ आणि इतिहास

मराठी मनात ‘आजोळ’ या शब्दाभोवती एक उबदार वलय आहे. बालगीतांतील आगगाडी मामाच्या गावाला जाते ती सुटीसाठी. तेथे कोणी कोणाकडे हिशेब मागत नाही. परंतु आईचा मुलूख जेव्हा इतिहासाच्या उलथापालथीत परका होतो, तेव्हा आजोळी जाणे ही सुटी राहत नाही, ती चौकशी होते. ही चौकशी नेमकी कोणाची, हा खरा प्रश्न आहे.

व्ही. एस. नायपॉल यांचे मातामह उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागातून गिरमिटाने त्रिनिदादला गेले होते. १९६२ मध्ये नायपॉल प्रथमच भारतात आले, आणि १९६४ च्या ‘ॲन एरिया ऑफ डार्कनेस’ या ग्रंथात त्यांनी मातामहांच्या गावाची भेट वर्णिली. ती भेट अधीरतेत संपते: जीपमधून सोबत येऊ पाहणाऱ्या गावातील मुलाला ते नाकारतात आणि निघून जातात. आपल्या निष्ठुरतेची नोंद ते लपवत नाहीत, हे त्यांच्या लेखनाचे बळ होय. तथापि येथे पाहणारा डोळा एकच आहे. गावाला स्वतःची हकीकत सांगण्यास फारसा अवसर मिळत नाही.

उर्वशी बुटालिया यांचा १९८७ चा लाहोरप्रवास याहून वेगळ्या जातीचा आहे. अमृतसर ते लाहोर हे अंतर जेमतेम ५० किलोमीटर. पण फाळणीनंतर त्या दोन शहरांतील कुटुंबांना ते ओलांडणे दुरापास्त झाले. त्यांचे मामा १९४७ नंतर लाहोरलाच राहिले, मुसलमान झाले. आजीही त्यांच्याजवळ राहिली आणि तिनेही धर्म बदलला. भारतातील घरात मामांविषयी एक हकीकत रूढ होती: मालमत्तेच्या लोभाने ते राहिले आणि त्यासाठीच त्यांनी आईला ठेवून घेतले. लाहोरच्या घरात बुटालियांनी दुसरी हकीकत ऐकली. तीत एकाकीपण होते, पश्चात्ताप होता, आणि धर्मांतरानंतरही पुरती न मिळालेली स्वीकृती होती. पुढे त्या आईलाही तेथे घेऊन गेल्या. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दि अदर साइड ऑफ सायलेन्स’ या ग्रंथाच्या मुळाशी ही भेट आहे. त्याआधी १९८४ च्या दिल्लीतील शीखविरोधी हिंसाचारात, मदतकार्य करताना, वाचलेल्यांच्या तोंडून फाळणीच्या आठवणी त्यांनी ऐकल्या होत्या. जुना मानलेला इतिहास संपलेला नाही, हे तेव्हाच उमगले होते. तो आपल्याच घरात आहे, हे लाहोरने दाखविले.

फाळणीत सुमारे १ कोटी २० लाख माणसे विस्थापित झाली. मृतांचे अंदाज २ लाखांपासून २० लाखांपर्यंत जातात. एवढी तफावत असलेला आकडा घटनेचा आवाका सांगतो, तिचा अनुभव सांगत नाही. म्हणून मौखिक कथनाकडे वळावे लागते. मात्र मौखिक कथन म्हणजे निखळ सत्य, असा भाबडा समज येथे टिकत नाही. भारतातील नातलगांना मामांचा लोभ हवा होता, कारण त्यामुळे आपण मागे काय सोडून आलो हा प्रश्न टळत होता. मामांनाही आपल्या पश्चात्तापाचा आधार हवा होता. दोन्ही हकीकती पुरावा आहेत. पण घटनेइतकाच त्या सांगणाऱ्यांच्या गरजेचा. समीक्षेला संहितेच्या बाबतीत जे ठाऊक असते, ते इतिहासकाराला येथे आप्तांच्या बाबतीत शिकावे लागते, आणि ते अधिक जड जाते. शिवाय घरातील मौन छापून उघड करण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हा नैतिक प्रश्न उरतोच. बुटालियांनी तो टाळला नाही.

या दोन हकीकतींच्या मध्ये आजी आहे. तिने धर्म बदलला तो मनाने की नाइलाजाने, ती राहिली की तिला ठेवून घेतले, याविषयी मुलगा सांगतो, मुली सांगतात. तिचे स्वतःचे म्हणणे कोठेच नाही. १९४९ च्या अपहृत व्यक्तींविषयीच्या भारतीय कायद्याने ‘परत आणलेल्या’ स्त्रियांच्या इच्छेलाही निर्णायक स्थान दिले नव्हते. घराने जे केले, तेच राज्यसंस्थेनेही केले.

आईवडिलांच्या मुलखात आपण मुळे शोधायला जातो. तेथे जे सापडते ते पुष्कळदा मूळ नसते. घराने इतकी वर्षे ज्या व्यक्तीला बोलू दिले नाही, तिची रिकामी जागा असते. ती जागा आपल्या शब्दांनी भरून न काढता दाखवून देणे, हे आजोळाकडून घ्यावयाचे इतिहासाचे पहिले शिक्षण होय.