पोकळीकडून भिंतीकडे

धमनीच्या भिंतीचे एमआरआय ही पक्षाघाताच्या तपासण्यांतली सर्वांत अलीकडची पिढी. या चित्रात रक्त काळे दिसते आणि रक्तवाहिनीची भिंत उजळ. अँजिओग्राफीत बहुधा नेमके उलटे असते. तिथे वाहते रक्त उजळते, ते कुठे अडले आणि कुठे चिंचोळे झाले हे कळते. भिंत चित्रात येतच नाही. रक्तपुरवठा अडून झालेल्या पक्षाघातांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत नेहमीच्या तपासण्या होऊनही कारण हाती लागत नाही. त्यांतल्या काहींचे कारण भिंतीत असते. ते जिवंत माणसात पाहण्याची सोय गेल्या तीन-साडेतीन दशकांत झाली.

पूर्व विदर्भात पक्षाघाताचा प्रश्न किती मोठा आहे, याचा अंदाज गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगावला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातून येतो. ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ८६ गावांतील मृत्यूंची दोन वर्षे नोंद ठेवली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले, एकूण मृत्यूंच्या १४.३ टक्के. बहुतेक माणसे घरीच दगावली होती. ‘लकवा मारला’ एवढीच नोंद घरच्यांच्या तोंडी उरते आणि कारण शोधण्याची वेळच येत नाही. सगळ्या तपासण्या करूनही कारण न सापडणे ही त्याच्या पुढची पायरी आहे, आणि भिंतीच्या तपासणीची गरज तिथे पडते.

भिंत आधी दिसली ती शवविच्छेदनाच्या मेजावर. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन गावच्या योहान याकोब वेप्फर याने १६५८ साली पक्षाघाताने मेलेल्यांचे मेंदू उघडून रक्तस्राव आणि मेंदूच्या धमन्यांचे वर्णन छापले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुडॉल्फ फिर्शो याने गुठळी एका जागी तयार होऊन दुसरीकडे जाऊन अडकते हे दाखवले. पण मृत्यूनंतर कळलेल्या कारणाचा रुग्णाला उपयोग नसतो.

जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्या पहिल्यांदा चित्रात आल्या १९२७ साली, लिस्बनमध्ये. एगास मोनिझ याने मानेतील कॅरोटिड धमनीत आयोडीनयुक्त द्रव सोडून क्ष-किरणांनी त्याचा मार्ग टिपला. (मोनिझला पुढे १९४९ साली नोबेल मिळाले ते मात्र मनोरुग्णांच्या मेंदूवरील अशा शस्त्रक्रियेसाठी, जी वैद्यकाने नंतर टाकून दिली. अँजिओग्राफी टिकली.) १९५१ साली कॅनडात सी. मिलर फिशर यांनी मेंदूच्या आजाराचे मूळ मानेतल्या बंद पडलेल्या कॅरोटिडमध्ये असू शकते हे ठामपणे मांडले आणि डॉक्टरांची नजर मानेकडे वळली. मात्र ती धमनीच्या पोकळीवरच, म्हणजे रक्त वाहते त्या आतल्या वाटेवरच, राहिली.

या कुळात मुंबईची दोन कामे येतात. पहिले १९६५ सालचे. डॉ. पी. एम. दलाल, पी. एम. शहा, एस. सी. शेठ आणि सी. के. देशपांडे यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. मेंदूच्या धमनीत गुठळी अडकलेल्या रुग्णांची अँजिओग्राफी काही काळाने पुन्हा केली, तेव्हा आधी बंद दिसलेली धमनी मोकळी सापडली. गुठळी आपोआप विरघळली होती. आज ही गोष्ट कोणालाही नवी वाटत नाही, पण कारण न सापडण्याचे मोठे कोडे त्यातच आहे. रुग्ण उशिरा पोचला की पोकळी स्वच्छ दिसते, अहवाल ‘सामान्य’ येतो आणि गुठळी जिथून सुटली ती जागा मागे तशीच राहते.

दुसरे काम क्षयाचे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉ. दाराब दस्तूर यांनी बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. उदानी आणि इतरांसह क्षयाच्या मेंदुज्वराने मृत्यू पावलेल्या शंभर रुग्णांच्या मेंदूंचा अभ्यास १९७० साली प्रसिद्ध केला. या आजारात मेंदूच्या तळाशी चिकट दाट स्राव साचतो. तिथूनच जाणाऱ्या मोठ्या धमन्या त्यात वेढल्या जातात, त्यांच्या भिंतीला सूज येते आणि पुढे रक्त अडते. म्हणजे पक्षाघात दिसतो, पण मूळ आजार क्षय असतो. भारतासारख्या देशात भिंतीच्या चित्राला युरोपपेक्षा वेगळे महत्त्व येते ते इथे.

पोकळीवरचा विश्वास शास्त्रीय पायावर डळमळला १९८७ साली. शिकागोच्या सेमूर ग्लॅगोव्ह यांनी १३६ हृदयांतील मुख्य डाव्या धमनीचे छेद मोजले. भिंतीत चरबीचा थर, म्हणजे प्लाक, साचू लागला की धमनी बाहेरच्या बाजूने फुगते आणि आतली वाट रुंद ठेवते. धमनीच्या आतल्या लवचीक पडद्याने वेढलेल्या जागेपैकी सुमारे ४० टक्के जागा प्लाकने व्यापेपर्यंत पोकळी अरुंद होतच नाही. मडक्याला आतून किती गाळ चढला हे न पाहता फक्त तोंड मोजावे, तसे अँजिओग्राफीचे होत होते. हा अभ्यास हृदयाच्या धमनीचा होता, पण पुढे मानेच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही हाच प्रकार आढळला.

तरीही पुढच्या दशकातले नियम अरुंदपणावरच बेतले गेले, आणि त्याला सबळ कारण होते. १९९१ साली उत्तर अमेरिकेतील कॅरोटिड शस्त्रक्रियेच्या चाचणीत ७० टक्के किंवा अधिक अरुंदपणा असलेल्यांना शस्त्रक्रियेचा स्पष्ट फायदा दिसला. पक्षाघाताच्या कारणांच्या १९९३ च्या ‘टोस्ट’ वर्गीकरणाने मोठ्या धमनीचा आजार ठरवायला ५० टक्क्यांची सीमा घातली. ज्याची धमनी ३० टक्के अरुंद, त्याचा प्लाक फुटून गुठळी सुटली असली तरी तो ‘कारण अनिश्चित’ या खान्यात गेला. अज्ञात कारणांचा हा ढीग काही अंशी मोजपट्टीनेच वाढवलेला होता.

त्याच सुमारास भिंत दाखवणारे तंत्र आकाराला येत होते. १९९० साली रॉबर्ट एडलमन आणि सहकाऱ्यांनी मानेच्या धमन्यांचे ‘काळ्या रक्ताचे’ एमआरआय प्रसिद्ध केले. या पद्धतीत रेडिओलहरींचे दोन ठोके एकापाठोपाठ दिले जातात. पहिल्या ठोक्याने जागे झालेले रक्त दुसरा ठोका येईपर्यंत त्या छेदातून पुढे निघून जाते, म्हणून त्याचा संदेश येत नाही. स्थिर भिंतीचा येतो. सिएटलमध्ये चुन युआन यांच्या गटाने शस्त्रक्रियेत काढलेले प्लाक सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ते आधीच्या एमआरआयशी ताडून पाहिले. चरबीचा गाभा आणि प्लाकमधला रक्तस्राव चित्रावरून ओळखता येतो, हे २००१ पर्यंत त्यांनी पक्के केले. ॲलन मूडी यांनी २००३ मध्ये सोपी वाट दाखवली. प्लाकमध्ये साकळलेल्या रक्ताचे मेटहिमोग्लोबिन होते आणि ते विशिष्ट एमआरआयमध्ये कोणतेही औषध न टोचता आपणच चमकते.

कवटीच्या आत काम अवघड होते. मेंदूच्या मधल्या धमनीचा व्यास जेमतेम तीन मिलिमीटर आणि निरोगी भिंत मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहूनही पातळ. बाहेरून मेंदूतील पाण्याचा वेढा असतो, तोही काळा करावा लागतो, नाहीतर भिंत त्यात हरवते. ३ टेस्लाची, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाची, यंत्रे आल्यावर हे जमले. टोरोंटोच्या रिचर्ड स्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ साली गॅडोलिनियम हे उजाळा देणारे द्रव्य टोचून घेतलेली अशी चित्रे प्रसिद्ध केली. भिंत एकाच बाजूने जाड होऊन उजळली तर बहुधा प्लाक. सगळीकडून सारखी उजळली तर दाह, मग तो क्षयाचा असो वा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने केलेला. हे ठोकताळे आहेत, अपवाद भरपूर आहेत, आणि नवख्या डोळ्याला शेजारची शीरही भिंतीसारखी दिसते. अमेरिकेतील न्यूरोरेडिओलॉजी संस्थेने २०१७ मध्ये याबाबत तज्ज्ञांच्या शिफारसी छापल्या.

अज्ञात पक्षाघाताशी थेट सांधा जुळला तो म्युनिकमध्ये. २०१२ साली फ्राइलिंगर आणि सहकाऱ्यांनी कारण न सापडलेल्या ३२ रुग्णांच्या कॅरोटिड तपासल्या. कोणाचीही धमनी ५० टक्क्यांहून अधिक अरुंद नव्हती. तरी पक्षाघात झालेल्या बाजूला १२ जणांत फुटलेला किंवा रक्तस्राव झालेला प्लाक सापडला. दुसऱ्या बाजूला एकातही नाही. संख्या लहान, पण दोन बाजूंतला फरक नजरेआड करता न येण्याजोगा. २०१८ आणि २०१९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत उगम न सापडलेल्या गुठळीच्या रुग्णांना सरसकट रक्त पातळ करणारी नवी औषधे दिली गेली आणि ती ॲस्पिरिनहून सरस ठरली नाहीत. अज्ञात हा एक आजार नाही, अनेकांची मोट आहे, हे त्यातून उघड झाले.

पूर्व विदर्भात या मोटेत सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच केली होती. या आजारात कवटीत शिरणाऱ्या कॅरोटिडच्या भिंतीचा आतला थर जाड होत जातो. तरुण रुग्ण असेल तर सिकलसेल आणि क्षय यांची चौकशी आधी व्हायला हवी. साध्या रक्ततपासणीला आणि छातीच्या क्ष-किरण चित्राला मोठे यंत्र लागत नाही.

भिंतीवरून ठरवलेल्या उपचाराने पुढचे पक्षाघात कमी होतात, हे सिद्ध करणारी मोठी चाचणी अजून झालेली नाही. त्यामुळे ही तपासणी पहिली नाही. अर्जुनी मोरगावहून रुग्ण हलवताना घाई करायची ती सीटी स्कॅनसाठी आणि लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायच्या गुठळी विरघळवणाऱ्या औषधासाठी. भिंतीचे चित्र नंतरच्या दिवसांत काढले तरी चालते. रोगट प्लाकचा उजाळा कित्येक आठवडे टिकतो.