मोझली ओल्ड हॉल : विटांचे आवरण आणि वास्तूची कालनिश्चिती

प्रस्तावना : इतिहासाचे साधन म्हणून कागदपत्रांप्रमाणेच वास्तूंनाही महत्त्व आहे. मात्र कागदपत्रांची जशी अंतर्बाह्य चिकित्सा केली जाते, तशीच ती वास्तूंचीही होणे आवश्यक असते. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात, वुल्व्हरहॅम्प्टन शहरानजीक असलेले मोझली ओल्ड हॉल हे शेतघर या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

वास्तूचे स्वरूप : बाहेरून पाहता हे घर एकोणिसाव्या शतकातील विटांचे साधे बांधकाम वाटते. वस्तुतः ते इ. स. १६०० च्या सुमारास लाकडी सांगाड्यावर उभारले गेले. पुढे मालकांचे वास्तव्य अन्यत्र गेले व घर कुळांच्या ताब्यात आले. १८७० च्या सुमारास जुन्या सांगाड्याभोवती विटांच्या भिंती चढविण्यात आल्या. विटांवरील कर १८५० मध्येच रद्द झाला होता. आत मात्र मूळ लाकूडकाम व भिंतींवरील लाकडी तावदाने बऱ्याच अंशी टिकून राहिली.

वूस्टरच्या लढाईत (३ सप्टेंबर १६५१) पराभूत झालेला दुसरा चार्ल्स ८ सप्टेंबरच्या पहाटे याच घरी आश्रयास आला. घरमालक थॉमस व्हिटग्रीव्ह व कॅथलिक धर्मगुरू जॉन हडलस्टन यांनी त्यास आसरा दिला. धर्मगुरूंना लपविण्यासाठी केलेली गुप्त जागा राजाच्या उपयोगी पडली. ती जागा आजही पाहावयास मिळते. विटांच्या आवरणाने सतराव्या शतकाचा हा पुरावा नष्ट केला नाही. केवळ दृष्टीआड केला.

कालनिश्चितीचा प्रश्न : डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मध्ये 'पास्ट अँड प्रेझेंट' या नियतकालिकातील निबंधात, १५७० ते १६४० या काळात ग्रामीण इंग्लंडमधील घरांची व्यापक पुनर्बांधणी झाली, असे प्रतिपादन केले. शेतमालाच्या वाढत्या किमतींमुळे सधन झालेला शेतकरीवर्ग हे त्यांच्या मते त्याचे प्रमुख कारण होय. आर. मॅचिन यांनी १९७७ मध्ये, तारखा कोरलेल्या घरांच्या मोजणीच्या आधारे, या बांधकामाचा भर सतराव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतर होता, असे दाखवून हा सिद्धान्त तपासला.

या वादात मोझलीसारख्या घराची नोंद कोणत्या काळात करावयाची? केवळ दर्शनी भिंत प्रमाण मानल्यास ते सुमारे २७० वर्षे अलीकडचे ठरते. केवळ सांगाडा प्रमाण मानल्यास कुळांच्या काळातील डागडुजीचा इतिहास वगळला जातो. दोन्ही मोजण्या एकांगी होत.

निष्कर्ष : वास्तूस एकच तारीख नसते. सांगाडा, आराखडा, छप्पर, धुराडी व बाह्यभिंती यांचा काळ स्वतंत्रपणे निश्चित केल्यानंतरच अशा घरांच्या संख्येवरून आर्थिक निष्कर्ष काढणे योग्य ठरते. १९६२ पासून नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात असलेल्या या घराच्या विटा म्हणूनच दुय्यम नव्हेत. त्या एका उत्तरकालीन पिढीची साक्ष आहेत. फक्त पहिल्या पिढीची साक्ष म्हणून त्या वाचता येत नाहीत.