फाटकावर अडलेला डबा : थीम पार्क, तहान आणि थोडा इतिहास

डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली सुरू झाल्या की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो अकरा वर्षांच्या एका मुलाच्या आईने विचारला. मुलाला टाइप १ मधुमेह आहे, दिवसातून चार वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं. "डॉक्टर, सहल वॉटर पार्कला आहे. बाहेरचं काहीही आत नेऊ देत नाहीत म्हणे. ह्याची शुगर उतरली तर मी काय रांगेत उभं राहून कूपन घ्यायचं?"

त्या मुलाचं काय केलं ते शेवटी सांगतो. पण डबा फाटकावर अडवायची ही पद्धत आली कुठून, हे मी त्या निमित्ताने वाचून काढलं. गंमत अशी की या उद्यानांची सुरुवात नेमकी उलटी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या शहरांत विजेच्या ट्राम आल्या. आठवडाभर कामगार भरभरून जायचे, रविवारी गाड्या रिकाम्या. मग ट्राम कंपन्यांनी मार्गाच्या शेवटच्या टोकाला झाडी, तळं, बाकं आणि थोडे पाळणे असलेली उद्यानं उभारली. लोकांनी ट्रामचं तिकीट काढावं, एवढाच हेतू. पिट्सबर्गजवळचं केनीवूड हे त्यांपैकीच एक, १८९८ सालचं, आजही चालू आहे. तिथे लोक टोपलीत जेवण घेऊनच यायचे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कंपनीचे पैसे ट्रामच्या तिकिटात वसूल झालेले असत, टोपलीत काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. पेनसिल्व्हेनियातल्याच नोबेल्स या उद्यानात आजही प्रवेश फुकट आहे, पैसे पाळण्यांचे. डबाही खुशाल न्यावा.

कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मची गोष्ट तर याहून मजेशीर आहे. तिथे आधी जेवण आलं आणि पार्क मागून! १९३४ साली कॉर्डेलिया नॉट यांनी शेतावरच्या घरी चिकनचं जेवण विकायला सुरुवात केली. गर्दी इतकी वाढली की लोकांना तासन्‌तास ताटकळावं लागायचं. त्यांचं मन रमावं म्हणून नवऱ्याने, वॉल्टर नॉट यांनी, १९४० पासून जुन्या खाणगावाचा देखावा उभारायला घेतला. त्याचाच पुढे थीम पार्क झाला.

आता १७ जुलै १९५५. अनाहाइममध्ये डिस्नेलँडचं उद्घाटन. डॉक्टर म्हणून मला हा दिवस फार महत्त्वाचा वाटतो. तापमान ३८ अंश सेल्सियसच्या आसपास होतं. निमंत्रणं मोजकी, पण बनावट तिकिटं निघाल्यामुळे अपेक्षेच्या जवळपास दुप्पट माणसं आत शिरली. खाण्याचे स्टॉल रिकामे झाले. ताजं डांबर मऊ पडून बायकांच्या उंच टाचा त्यात रुतत होत्या. भरीला प्लंबरांचा संप. पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृहं ही दोन्ही कामं वेळेत होणं शक्य नव्हतं, म्हणून वॉल्ट डिस्ने यांनी स्वच्छतागृहं निवडली. पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे चालले नाहीत. लोकांनी लगेच अर्थ काढला की शीतपेय खपावं म्हणून पाणी बंद ठेवलंय. तो आरोप खरा नव्हता, पण तहानलेल्या माणसाला तो खराच वाटणार.

उन्हात, गर्दीत, दिवसभर पायी फिरणाऱ्या माणसाच्या शरीरातून तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जाऊ शकतो. लहान मुलं याबाबतीत जास्त नाजूक. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठं, आणि खेळात रंगली की ती पाणी मागत नाहीत. वॉटर पार्कमध्ये तर फसगत ठरलेली: अंग ओलं असतं म्हणून घाम आलेला कळतच नाही. संध्याकाळी डोकं दुखतं, मळमळतं, आणि घरचे म्हणतात, "पाळण्यात बसून चक्कर आली." बऱ्याचदा ते नुसतं पाणी कमी पडलेलं असतं.

मग पाण्याच्या जागी शीतपेय चालेल का? कोलाच्या १०० मिलीत साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. म्हणजे ६०० मिलीच्या बाटलीत साठ ग्रॅमच्या वर, बारा-तेरा चमचे. इतक्या गोड द्रवामुळे आतडं पाणी आत घेण्याऐवजी आधी स्वतःकडे ओढून घेतं. आपल्या ओआरएसमध्ये ग्लुकोज लिटरला फक्त साडेतेरा ग्रॅम असतं, ते याचसाठी. साध्या सहलीला मात्र ओआरएसचीही गरज नसते. पाणी आणि जोडीला खारट काहीतरी, बस्स.

मूळ मुद्द्याकडे येतो. डिस्नेलँडचा प्रवेश सुरुवातीला मोठ्यांना एक डॉलर होता आणि पाळण्यांची तिकिटं वेगळी. १९६१ साली टेक्सासच्या सिक्स फ्लॅग्सने सगळ्यासाठी एकच तिकीट आणलं, डिस्नेलँड १९८२ मध्ये त्याच वाटेने गेलं. एकदा सगळे पैसे दारातच दिले की माणूस ते 'वसूल' करायला सकाळपासून रात्रीपर्यंत आत राहतो. आतल्या पाळण्यांतून मग वेगळी कमाई उरत नाही. उरतं काय? पोट. माझ्या मते डब्याचं खरं भांडण इथून सुरू होतं. कचरा आणि स्वच्छता ही कारणं खोटी नाहीत, पण ती जोडीची आहेत.

तरीही सगळीकडे एकच नियम नाही, हे लक्षात घ्या. अमेरिकेतल्या डिस्नेच्या उद्यानांत घरचं खाणं आणि पाणी नेता येतं. काचेच्या बाटल्या आणि दारू चालत नाही. खाण्याच्या काउंटरवर मागितलं तर थंड पाणी फुकट मिळतं. टोकियोत मात्र १९८३ पासून शिरस्ता वेगळा: डबा फाटकाबाहेरच्या सहलीच्या जागेत खायचा.

शांघायचं डिस्नेलँड जून २०१६ मध्ये उघडलं. नोव्हेंबर २०१७ पासून तिथे बाहेरच्या खाण्याला बंदी आली, ६०० मिलीपेक्षा मोठी पेयाची बाटलीही नको. जानेवारी २०१९ मध्ये कायद्याची एक विद्यार्थिनी थोडा खाऊ घेऊन तिथे गेली. पिशवी तपासली गेली, खाऊ अडला. खाऊ होता पन्नास युआनच्याही आतला, पण तिने सरळ कोर्टात दावा लावला. एकाच कंपनीचे नियम पश्चिमेत एक आणि आशियात दुसरे का, हा प्रश्न चीनभर गाजला. सप्टेंबर २०१९ मध्ये समझोता झाला. तिला ५० युआन मिळाले आणि पार्कने नियम बदलला: स्वतःपुरतं खाणं आणा, फक्त गरम करावं लागणारं, बर्फात ठेवावं लागणारं किंवा उग्र वासाचं नको. (आपल्याकडे हा नियम लागला तर सुकट घरीच ठेवावी लागेल.)

आपल्याकडचं याच्या सगळ्यात जवळचं प्रकरण सिनेमागृहांचं. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या एका खटल्यात सांगितलं की बाहेरचं खाणं अडवण्याचा हक्क सिनेमागृहाच्या मालकाला आहे. पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायला हवं, आणि तान्ह्या बाळासाठी आई-वडिलांनी आणलेलं माफक खाणं आत जाऊ द्यायला हवं. हा निकाल सिनेमागृहांपुरता आहे. पार्कच्या फाटकावर तो कायदा म्हणून दाखवू नका. पण दोन तासांच्या सिनेमाला जे पाणी लागतं, ते आठ तासांच्या उन्हाला लागणार नाही का, असं नम्रपणे जरूर विचारा.

डबा नेता येत असेल तर काय न्यावं? आपल्या आज्यांनी हे कधीच सोडवून ठेवलंय. दशमी, थेपले, शेंगदाण्याची चटणी, चिक्की, भडंग. कोरडं, खारट, टिकणारं. दहीभात किंवा अंड्याचं सँडविच बसच्या डिकीत तापलं की त्यात जंतू भराभर वाढतात. बाहेर ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर असं खाणं तासाभरात संपवावं, नाहीतर फेकावं.

आता तो मुलगा. मधुमेही मुलांचा प्रश्न आवडीनिवडीचा नाही. दिवसभर पळापळ झाली की तेवढंच इन्सुलिन जास्त काम करतं आणि साखर उतरते, कधी कधी रात्री झोपेतही. ७० च्या खाली गेली तर लगेच १५ ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे सपाट तीन चमचे पाण्यात विरघळवून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. हे रांग संपायची वाट पाहत नाही. मी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या: आजार, सोबत लागणाऱ्या वस्तू (ग्लुकोज पावडर, बिस्किटं, पाणी, ग्लुकोमीटर, इन्सुलिनची थंड पिशवी) आणि माझा फोन नंबर. सहलीच्या दोन दिवस आधी शाळेने ती चिठ्ठी पार्कच्या ऑफिसला पाठवली. वर्गशिक्षिकेला मी ग्लुकोमीटर वापरायला शिकवलं, आणि रात्री झोपण्याआधी व पहाटे एकदा साखर बघायला आईला सांगितलं.

फाटकावर ग्लुकोज, बिस्किटं आणि पाणी आत गेलं. थेपले मात्र लॉकरमध्ये राहिले. दुपारी तीनला साखर ६४ होती, सव्वातीनला ९८. आईने हे आकडे वहीत लिहून आणले होते. थेपले मुलांनी परतीच्या बसमध्ये संपवले.