जाळे की झाडे?

गेल्या रविवारी अक्काकडे गेलो होतो. माझी थोरली बहीण, वय ८१. देवघरासमोर बसून वाती वळत होती, उजव्या हाताने. घरच्या मंडळींना या वाक्याचे मोल कळेल. बाकीच्या वाचकांना शेवटी सांगतो. आधी इतिहास, कारण मी पडलो इतिहासाचा मास्तर.

मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या माणसाने मेंदूवर लिहावे का, असे कुणीही विचारील. पण एका वर्षी आमचे विज्ञानाचे गुरुजी दीर्घ रजेवर गेले आणि नववीचे विज्ञान माझ्या गळ्यात पडले. तेव्हा मी फळ्यावर एक वाक्य लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या: 'मज्जापेशी एकदा मेली की पुन्हा निर्माण होत नाही.' (हल्लीची पुस्तके 'चेतापेशी' म्हणतात, आमच्या पिढीच्या तोंडी मज्जातंतू, मज्जासंस्था हेच शब्द बसलेले.) हे वाक्य आले कुठून, हे मला ठाऊक नव्हते आणि कुणा विद्यार्थ्याने विचारलेही नाही. निवृत्तीनंतर सवडीने शोध घेतला, तो असा.

सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात, हे श्लायडेन आणि श्वान यांनी १८३९ पर्यंत मांडले होते. मेंदू मात्र त्या नियमात बसेना. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा काप धरला की तंतूंचा नुसता गुंता दिसे. एक पेशी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, काही कळत नसे. त्यामुळे अनेक विद्वानांनी मानले की मज्जासंस्था म्हणजे सलग विणलेले एकच जाळे.

१८७३ मध्ये इटलीत, मिलानजवळच्या अब्बियातेग्रास्सो गावी, कामिल्लो गोल्जी नावाचा डॉक्टर दुर्धर रोग्यांच्या इस्पितळात नोकरीला होता. तिथल्या स्वयंपाकघरातच त्याने छोटी प्रयोगशाळा थाटली होती. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवून मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला, तर पिवळट पार्श्वभूमीवर काही पेशी काळ्याभोर उमटल्या. मोजक्याच उमटल्या, पण शेंड्यापासून मुळापर्यंत. सगळ्याच रंगल्या असत्या तर नुसता काळा डाग दिसला असता. इतके स्वच्छ चित्र समोर असूनही गोल्जी शेवटपर्यंत म्हणत राहिला की हे जाळेच आहे.

दुसरा माणूस स्पेनचा, सांतियागो रामोन ई काहाल. पोर द्वाड, ओढा चित्रकलेकडे. डॉक्टर असलेल्या वडिलांनी त्याला वठणीवर आणण्यासाठी न्हाव्याच्या आणि चांभाराच्या हाताखालीही ठेवून पाहिले. पुढे तो वैद्यकाकडे वळला, पण चित्रकाराचा डोळा आणि हात शाबूत राहिले. १८८७ मध्ये माद्रिदला सिमारो नावाच्या डॉक्टरच्या घरी त्याने गोल्जीच्या पद्धतीने रंगवलेले काप पाहिले आणि त्यांनी त्याला झपाटले.

काहालची युक्ती मला फार आवडते. वाढलेल्या प्राण्याच्या तंतूंवर चरबीचे वेष्टण असते, त्यात रंग नीट शिरत नाही, शिवाय गुंताही दाट. म्हणून त्याने पिल्ले आणि गर्भ तपासायला घेतले. पूर्ण झालेली गोधडी उसवत बसण्यापेक्षा ती शिवली जात असताना पाहावी, तसे हे झाले.

माणसाच्या गर्भातही ही शिलाई फार लवकर सुरू होते. तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर एक पन्हळ पडते, तिच्या कडा जुळून नळी होते आणि साधारण २८व्या दिवसापर्यंत ती बंद होते. मेंदू आणि मेरुरज्जू त्या नळीतूनच घडतात. नळीच्या आतल्या कडेला पेशी जन्मतात, आपापल्या जागी सरकत जातात आणि मग तंतू बाहेर टाकतात. १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भात काहालला वाढत्या तंतूच्या टोकाशी एक छोटा शंकू दिसला, अंधारात हात पुढे करून चाचपडणाऱ्या माणसासारखा. १९०७ मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसनने बेडकाच्या गर्भाच्या जिवंत पेशीतून असा तंतू वाढताना प्रत्यक्ष पाहिला.

त्याआधी, १८८८ मध्येच, पक्ष्यांच्या लहान मेंदूत काहालला दिसले होते की प्रत्येक तंतू मोकळा संपतो. दुसऱ्या पेशीला भिडतो, पण तिच्यात मिसळत नाही. जाळे नव्हे, शेजारी शेजारी उभी असलेली झाडे! छापणार कोण? त्याने स्वखर्चाने नियतकालिक काढले. १८८९ मध्ये पदरमोड करून बर्लिनच्या परिषदेला गेला आणि ज्येष्ठ शास्त्रज्ञ क्योलिकर यांना सूक्ष्मदर्शकापाशी नेऊन आपले काप दाखवले. ते पाहून क्योलिकर त्याच्या बाजूला आले. १८९१ मध्ये वाल्डायर यांनी या पेशीला 'न्यूरॉन' हे नाव दिले.

१९०६ चे नोबेल गोल्जी आणि काहाल यांना विभागून मिळाले. स्टॉकहोमच्या व्यासपीठावरही गोल्जीने काहालच्या सिद्धान्तावर टीकाच केली. निवाडा लागला १९५० च्या दशकात. दोन पेशींच्या मधली फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवली, मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी.

आता माझे फळ्यावरचे वाक्य. ते मुळात काहालचेच निघाले! १९१३-१४ च्या ग्रंथात त्याने लिहिले की प्रौढ मेंदूतले मार्ग ठरून गेलेले असतात, तिथे सगळे मरू शकते, नवे काही उगवत नाही. पण लगेच पुढे म्हटले की हा कठोर निकाल, जमल्यास, उद्याच्या विज्ञानाने बदलावा. शिवाय १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने असाही अंदाज मांडला होता की सरावाने पेशींच्या फांद्या आणि जोडण्या वाढत असाव्यात. पहिला भाग पाठ्यपुस्तकात आला, पुढचा गळला.

प्रौढ माणसाच्या मेंदूत नव्या पेशी सापडल्याचे १९९८ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी जाहीर केले. २०१८ मध्ये एका गटाने ते नाकारले, दुसऱ्याने उचलून धरले. तो वाद बाजूला ठेवू. पण वाचलेल्या पेशी नव्या जोडण्या करतात, गमावलेले काम थोडेफार उचलतात, हे मात्र पक्के आहे.

तर अक्का. २०१९ मध्ये तिला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. महिन्याभराने तिने मला विचारले, "तू मास्तर ना रे? सांग, हात परत येईल का?" आणि मी, उंटावरचा शहाणा, तिला फळ्यावरचे वाक्य ऐकवले. खोटी आशा दाखवू नये, असा माझा प्रामाणिकपणा! दुसऱ्या दिवसापासून तिने व्यायाम सोडला. दोन आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून होती. भाचीने कारण खोदून काढले, मला फोनवर चांगले फैलावर घेतले आणि आईच्या मुठीत रबरी चेंडू दिला. पुढची दोन वर्षे त्या मायलेकींची. हात पूर्ण आला नाही, पण आला.

रविवारी मी तिला काहालची गोष्ट सांगितली, आणि शेवटी माझी चूकही कबूल केली. अक्का म्हणाली, "म्हणजे तू अर्धाच धडा शिकवलास." मग बोटात धरलेली वात समईत ठेवून म्हणाली, "ही वाकडीच होते अजून. जळते मात्र सरळ."

त्या वर्षीची नववीची मुले आता पन्नाशीला आली असतील. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर वहीतल्या त्या वाक्यापुढचा पूर्णविराम कृपया खोडावा.